अहो, चारठाणा!

आधी ओरडून घेते, मग नीट सांगते. चारठाणा! परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. या गावाच्या गल्ल्यांत, पारावर, विहिरीत, घरांच्या जोत्याला, शेताच्या वाटेवर सात-आठशे वर्षांपूर्वीची शिल्पं आहेत. काही उभी, काही आडवी, काही भिंतीला रेललेली, काही कमरेपर्यंत मातीत. फाटक नाही, तिकीट नाही, सकाळी दहा ते पाच नाही, 'हात लावू नये' नाही. आपण गावात शिरायचं आणि चालत सुटायचं, बस्स! आणि हे सगळं आमच्या परभणीत! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगाच छाती काढून म्हणत आलो. आता म्हणायला एक धडधडीत कारण मिळालंय, ते ऐकवल्याशिवाय मी कोणालाही सोडणार नाही.

झालं असं की मी जिंतूरला मामांकडे गेले होते. पौषातले दिवस, ज्वारी निसवलेली, घरात हुरड्याची तयारी. मामेभाऊ शाळेत मास्तर आहे. तो सकाळीच गाडी काढून दारात उभा. "ताई, हुरडा संध्याकाळी. आधी तुला दगड दाखवतो." दगड! मी स्वेटर चढवला तो त्याचं मन राखायला. शिल्पांबद्दल मला माहीत ते एवढंच, की वेरूळला जातात, अजिंठ्याला जातात, शाळेच्या सहलीत गाईडच्या मागे मागे फिरतात आणि शेवटी रसवंतीवर बसतात.

गावात शिरलो आणि पहिल्यांदा तो स्तंभ दिसला. मोकळ्यावर एकटाच उभा, आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच, नखशिखांत घडवलेला. खाली चौकोनी बैठक, वर जाता जाता थर बदलतात, आकार बदलतो, मध्येच नक्षीचा पट्टा येतो, पुन्हा साधा भाग, पुन्हा नक्षी. मी मान वर करून गोल फिरत राहिले. कोणी याला मानस्तंभ म्हणतं, कोणी दीपमाळ, कोणी विजयस्तंभ. मानस्तंभ म्हटलं की जैन परंपरा आली, आणि जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत, त्यामुळे ते नाव ऐकून दचकायचं कारण नाही. पण खरं सांगू? त्या घटकेला मला त्या वादात काडीचाही रस नव्हता. ज्याने कोणी तो उभा केला त्याला वर बघायला लावायचं होतं, आणि मी वर बघत होते.

मग गोकुळेश्वर. देऊळ आहेच, पण मला वेड लावलं ते तिथल्या बारवेने. वरून पाहिलं तर जमिनीत एक मोठा घडीव खड्डा, दगडी पायऱ्यांनी खाली खाली जाणारा. उतरायला लागलं की तीन-चार पायऱ्यांनंतर वरचा गलका बंद होतो, अंगावरचं ऊन जातं, गारवा पायांपासून चढायला लागतो. भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तीसाठी केलेले कोनाडे, प्रत्येकाला आपापली चौकट, आपापला छोटा मुकुट. काही रिकामे. पाणी भरायला येणाऱ्या बाईने घागर घेऊन उतरावं आणि वाटेत तिच्या डोळ्यांच्या उंचीला देव असावा, असा हिशेब कोणीतरी केला होता! पाण्याच्या सोयीत एवढं सौंदर्य घालायची गरज काय होती? दोर बांधून पोहरा सोडला असता तरी पाणी आलंच असतं की. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून हेच मोठमोठ्याने बोलत होते आणि मामेभाऊ वर उभा राहून हसत होता.

गावात कोणालाही विचारा, इथे ३६० देवळं होती आणि ३६० विहिरी, असं ठामपणे सांगतात. रोज एका देवाचं दर्शन, रोज एका विहिरीचं पाणी, वर्ष संपलं. आख्यायिकेचा आकडा आहे, तो मोजायचा नसतो. पण चालायला लागलं की हा आकडा कुठून आला असेल ते कळतं. जोड महादेव झाला, उकंडेश्वर झाला, नृसिंहतीर्थ झालं, आणि दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवरही शिल्पं संपत नाहीत. एका घराच्या पायरीला वेलबुट्टीचा दगड. त्याच्यावर चपला. कडुलिंबाखाली एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची स्मृतिशिळा. खालच्या चौकटीत तो पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. सगळी गोष्ट खालून वर वाचायची. आणि तिच्या माथ्यावर कोणीतरी पोरांचं दप्तर टेकवून ठेवलेलं.

एका ओसरीसमोर मी वाकून एक मूर्ती बघत होते तर आतून आजी आल्या.

"काय पाहालीस माय?"

"मूर्ती पाहतेय आजी. किती सुंदर आहे!"

"पाह्य की. ती काय कुठं पळून जायलीय का?" म्हणाल्या आणि समोरच तांदूळ निवडत बसल्या. तेवढ्यात पोरं जमली. एकाने विचारलं, "फोटू काढायलाव का? आमच्या घराकडं पण हाय एक. चला!" दुसरा म्हणाला, "पण तिला नाक न्हाई." पहिला खवळला. "नाक न्हाई तर काय झालं? हात तर हाय न!" आणि ते खरंच होतं. नाक नव्हतं, पण हात काय होता! मनगटात कडी, बोटं अशी हलकी मिटलेली की आत्ताच काहीतरी धरलं होतं आणि सोडलं.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी घरी आल्यापासून भेटेल त्याला धरून बसवतेय.

देवळाच्या भिंतीवरची शिल्पं आपण खालून बघतो. मान दुखेपर्यंत. समोरून, आणि तेवढंच. ती मुळात तशीच बघायची असतात. पण जे देऊळ पडलं, त्याची शिल्पं जमिनीवर आली. आपल्या गुडघ्याशी, आपल्या कमरेशी, आपल्या डोळ्यांसमोर. त्यांना बाजूने बघता येतं. मागून बघता येतं! मागून! मला हे कधी सुचलंच नव्हतं. एका बाईची, सुरसुंदरी असावी, कमरेपासून खालची अर्धी शिळा एका जोत्याला टेकून ठेवली होती. पुढची बाजू तकतकीत, नेसूचे पातळ पदर, मांडीवरून उतरलेली मण्यांची माळ. आणि मागे? मागे खडबडीत दगड, टाकीचे तिरपे घाव जसेच्या तसे, रांगेने, एकाच हाताचे. मागची बाजू भिंतीत जाणार, कोणाला दिसणार नाही, म्हणून कारागिराने ती घासलीच नाही. कडेला एक खाच, दुसऱ्या दगडात बसवण्यासाठी. ही देवळं चुन्याशिवाय रचलेली. दगडाला खाच पाडायची, पुढच्या दगडाला तिच्यात बसणारा उंचवटा ठेवायचा, आणि वजनावर सगळं तोलायचं. पुस्तकात हे वाचून मला काहीही झालं नसतं. इथे मी त्या खाचेत बोटं घातली.

ते घाव बघताना माझ्या अंगावर काटा आला. पुढची बाजू मूर्तीची आहे, मागची बाजू माणसाची आहे. पुढे ती बाई उभी आहे, मागे तिला घडवणारा बसलाय, मांडी घालून, डाव्या हातात छिन्नी, आणि दिवस कलायच्या आत एवढं उरकायचंय.

आणि दगड कुठला? आपला काळा पाषाण, बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. बेलूर-हळेबीडच्या होयसळ देवळांची नक्षी आपण तोंडात बोट घालून बघतो, आणि बघावीच. पण तिथला दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कोरून झाल्यावर हवेने कडक होतो. आपला बेसाल्ट पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत सारखाच हट्टी. त्यात मध्येच बुडबुड्यांची भोकं निघतात. अशा दगडात ह्या लोकांनी पैंजणाचे मणी एकेक वेगळे काढलेत! होयसळ शिल्पकारांची आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. त्यांच्यातल्या काहींनी आपली नावं दगडावर कोरून ठेवली, मल्लितम्माचं नाव तर कितीतरी मूर्तींखाली सापडतं. चारठाण्यात मी बैठका शोधल्या, पाठी शोधल्या, कडा शोधल्या. मला एकही नाव दिसलं नाही. नॉर्वेत, ऑस्लो शहरात गुस्ताव्ह विगलँडचं प्रसिद्ध उद्यान आहे. दोनशेहून जास्त शिल्पं, सगळी एकाच माणसाची, आणि मधोमध एका अखंड दगडाचा खांब, त्यावर १२१ माणसं एकमेकांना बिलगून वर चढताहेत. जगभरातून लोक ते बघायला जातात, विगलँडचं नाव घेत परततात. इथे कोणाचं नाव घेऊ?

काळ तेवढा साधारण सांगता येतो, आणि तो सांगताना मला आणखीनच भरून येतं. देवगिरीच्या यादवांचा काळ. सरसकट 'हेमाडपंती' म्हणायची आपली सवय. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला, पण या पद्धतीची देवळं त्याच्या आधीपासून बांधली जात होती. याच रामचंद्राच्या, म्हणजे रामदेवरावाच्या राज्यात, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. याच पट्ट्यातल्या गंगाखेडची जनाबाई. नरसी नामदेवही १९९९ मध्ये हिंगोली वेगळी होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात! म्हणजे ओवी आणि अभंग ज्या लोकांच्या तोंडी रुळत होते, ते ह्याच बारवांच्या पायऱ्या उतरत होते. मला शाळेत मराठीचा तास वेगळा, इतिहासाचा तास वेगळा शिकवला. मध्ये सुट्टीची घंटा होती.

दुपारी मात्र सगळं सपाट झालं. ऊन डोक्यावर आलं आणि सकाळी जी मूर्ती श्वास घेत होती ती नुसता काळा दगड झाली. मी हिरमुसले. मामेभाऊ म्हणाला, "आता जेवू. चारनंतर बघ." त्याच्या ओळखीच्या घरी भाकरी, तुरीच्या शेंगांची आमटी, ठेचा. (त्या आमटीवर वेगळा लेख होईल, संपादकांनी जागा दिली तर.) चारनंतर ऊन तिरपं झालं आणि एकेक रेघ परत उठून यायला लागली. उथळ कोरीव कामाला तिरपा उजेड लागतो. समोरून फ्लॅश मारलात की संपलं. मग अंधार पडता पडता त्याने एक युक्ती दाखवली. मोबाइलची बॅटरी लावली आणि दगडावर समोरून न धरता अगदी बाजूला, दगडाला जवळजवळ चिकटवून धरली. अहो! त्या अर्ध्या बाईच्या पावलावर, दिवसा जिथे मला काहीच दिसलं नव्हतं तिथे, पैंजणाखाली आणखी एक बारीक साखळी होती. अंगठ्याला नख होतं. करंगळी जमिनीपासून किंचित उचललेली होती! दिवसभर मी तिच्यासमोरून ये-जा केली होती. मी तिथेच फतकल मारून बसले आणि बॅटरी उजवीकडे, डावीकडे, वर, खाली करत राहिले. पोरं खूश. आजी म्हणाल्या, "येडी झाली का काय ही!"

एका गोष्टीवर मात्र मी सकाळी चिडले होते. काही मूर्तींना ऑइलपेंट दिलाय. गुलाबी अंग, निळी किनार, पांढरे डोळे, वर चकाकी. काहींवर शेंदराचे इतके थर की मूळ चेहरा कुठे संपतो तेच कळत नाही. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला तेव्हा त्याचं वजन किलोत नाही, टनात निघालं. तेव्हा शेंदराची ताकद कमी समजू नका. संध्याकाळपर्यंत माझा राग निम्मा उतरला, कारण एक गोष्ट लक्षात आली. ज्या दगडाला शेंदूर लागला, तो दगड कोणी उचलून पायरीला लावला नाही. जो उघडा राहिला, त्यावर कपडे आपटले गेले, त्याचा उंबरा झाला. शेंदराने चेहरा झाकला, पण मूर्ती राखली. ऑइलपेंटला मात्र माझी माफी नाही. शेंदूर निघतो, आतला चेहरा पुन्हा भेटतो. ऑइलपेंट दगडाच्या भोकांत शिरून बसतो. गावातल्या तरुण मुलांना हे मी तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकाने विचारलं, "मग निवडणुकीच्या घोषणांचं काय करायचं मॅडम, भिंतीला पण दगडच हाय."

परत आल्यावर मला आणखी हवं झालं. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठी धारासूर आहे. तिथलं गुप्तेश्वराचं देऊळ म्हणजे चारठाण्याचं उलटं. इथे शिल्पं गावभर विखुरलीत, तिथे ती एका देवळाच्या अंगावर एकवटलीत. उंच जोतं, वर विटांचं शिखर, आणि बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. शिल्पग्रंथांत ह्या बायकांना नावं आहेत. आरसा घेतलेली दर्पणा, पोपटाशी बोलणारी शुकसारिका, मृदंग वाजवणारी मर्दला, मूल कडेवर घेतलेली पुत्रवल्लभा, लिहीत असलेली पत्रलेखिका. लिहिणारी बाई, दगडात, यादवकाळात! मराठवाड्याच्या देवळांचा अभ्यास डॉ. गो. बं. देगलूरकरांनी आयुष्यभर केला आणि ह्या सुरसुंदरी मराठी वाचकाला ओळखीच्या करून दिल्या. त्यांचं पुस्तक मी आता मागवलंय. धारासूरला जतनाचं काम हाती घेतलंय, तेव्हा जाण्याआधी चौकशी करून जा.

आणि सेलू तालुक्यातलं वालूर! तिथली बारव गोल गोल फिरत खाली जाते. चक्राकार पायऱ्या! गाळाने आणि झाडोऱ्याने भरलेली ती बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. परभणीजवळ पिंगळीची बारव आहे, आर्वीची आहे. २०२२ मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रं असलेली पोस्टकार्डं काढली, त्यात ह्या आमच्या जिल्ह्यातल्या बारवा झळकल्या. 'महाराष्ट्र बारव मोहीम'वाले महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावतात. पायरीपायरीवर पणत्या. मी फोटो पाहिलेत आणि येत्या महाशिवरात्रीला मी चारठाण्याला असणार आहे, घरच्यांनी काय करायचं ते करावं.

तुम्हाला जायचं असेल तर परभणीहून झरी, बोरी करत जिंतूर गाठा. तिथून मंठ्याकडे जाणारी एसटी मिळते. हिवाळ्यात जा. सकाळी ऊन कोवळं असताना पोचा, दुपारी झाडाखाली पडा, संध्याकाळी पुन्हा फिरा. पावसाळ्यात बारवेची शेवाळलेली पायरी दगा देते. चुना नका लावू, दुधाने नका धुऊ, खडू फिरवून अक्षरं नका उठवू, दगडावर पाय ठेवून सेल्फी नका काढू. कोणाच्या ओसरीसमोर थांबायचं असेल तर आधी हाक मारा. घर त्यांचं आहे. आणि गावातल्या पोराला बरोबर घ्या, कारण नकाशावर नसलेल्या मूर्ती त्यालाच माहीत असतात. माझ्या पोरांनी शेवटी मला विचारलं, की आम्ही तुम्हाला किती दाखवल्या? मी म्हटलं, मोजल्या नाहीत रे. ते एकदम नाराज झाले. त्यांनी मोजल्या होत्या, आणि त्यांच्या मते सहा राहिल्या होत्या.

त्या सहा बघायला पुढच्या रविवारी निघतेय. मामेभाऊ म्हणतो आधी वालूर, मी म्हणते आधी चारठाणा. गाडीत दोघांची जागा आहे. बॅटरी ज्याची त्याने आणावी.